फिल्सुनआजींची डोळ्यांची तपासणी

कोरियातल्या सुन्चांग गावी, डोळ्यांच्या दवाखान्यात सोरा औषध घातलेले डोळे घट्ट मिटून बसली होती. शेजारच्या दोन म्हाताऱ्या तिला नुसत्या ऐकू येत होत्या.

“दोक्जाताई, ते गोल अक्षर कसं गं म्हणायचं?”

“पुढे असलं तर मुकं. तळाला बसलं की नाकातून घुमतं.”

“म्हणजे आमचे हे! चारचौघांत मुके, घरी बसले की घूं घूं.”

“आणि काडी उजवीकडे आली की ‘आ’, डावीकडे आली की ‘ऑ’.”

“थांब, जेवताना चमचा धरते तसा हात धरून बघते. हं, हा उजवा.”

“आत्ता कुठे अक्षरं शिकायला लागलीस, एवढा जीव का काढतेस, फिल्सुन? नेहमीसारखी तक्त्यावरची चित्रं सांग की. विमान, फुलपाखरू, छत्री.”

“मुळीच नाही! ‘आजी, तुम्ही चित्रंच सांगा’ असं ती नर्स मोठ्यांदा म्हणते आणि सगळे वळून बघतात. आज मी अक्षरंच वाचणार.”

तेवढ्यात नर्सने हाक मारली. फिल्सुनआजी आत गेल्या, पण दार उघडंच राहिलं.

“आजी, हे दिसतंय? नाही? मग मोठं दाखवते.”

“अगं, दिसतंय! अक्षर लागत नाहीये अजून, जरा दम धर! न... नॉ!”

“बरोबर. आणि हे?”

“ग... गो!”

सोराने नकळत मूठ आवळली.

बऱ्याच वेळाने आजी बाहेर आल्या.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करावं लागेल.”

“अगंबाई! मग हसतेस काय?”

“अगं, खालच्या ओळी दिसल्याच नाहीत, त्या राहिल्या. पण जेवढं दिसलं, त्यातलं एकही चुकलं नाही!”