फेकलेला नारळ, टांगलेली माळ

वीस वर्षं गणित शिकवतेय, वक्रांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. परवा वटार गावातल्या घरी बाबांनी सणासाठी दोन माडांमध्ये दिव्यांची माळ टांगली, मधे चांगली खाली आलेली. मी तिचा फोटो लॅपटॉपवर ग्राफच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि म्हटलं, "बाबा, हा बघा पॅराबोला!"

पण वक्र मधे जुळवला, की टोकांना सुटायचा. तासभर आकडे बदलले.

बाबा मागून म्हणाले, "अगं, तुझा हा बाक फेकलेल्या नारळाचा. माळ काय कुणी फेकलीय? ती आपल्या वजनाने लोंबतेय."

मी गुपचूप लोंबत्या साखळीचं सूत्र टाकलं. रेषा माळेवर चपखल बसली.

आणि हो, बाबा दहावी नापास आहेत. गणितातच.