चोचीपासून मान

हे लिहिणारच नव्हतो, चोरून ऐकलेलं आहे. मित्राचा हात थरथरतो म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. शेजारी पाट्या रंगवणारे एक काका, मेंदूचा झटका येऊन गेलेले, आणि त्यांची बायको.

"गेल्या खेपेला डॉक्टरांनी साधा चौकोन काढायला सांगितला, तर हात अडला. आणि काल घरी हंस काढत होतात!"

"हंस हाताला पाठ आहे गं."

"मग मी हाक मारल्यावर मान अर्धीच का सोडलीत?"

"तू मध्येच तोडलंस. आता चोचीपासून धरल्याशिवाय मान येत नाही."

"हात आहे की रुसलेला जावई? कामावर जायचं नाही, एवढंच ना? आज सांगतेच डॉक्टरांना, नाटक आहे म्हणून."

"सांग."

"हा घ्या माझा तळहात. नुसती मान काढा."

काकांचं बोट तिच्या तळहातावर टेकून अडलं.

"काढा ना!"

"येत नाहीये."

"बरं, चोचीपासून काढा."

बोट पुन्हा टेकलं आणि सरकू लागलं.

"अहो हळू, गुदगुल्या होतात... आली की मान! तरी मला शंका आहेच."

"बोलू नकोस. पंख राहिलाय."

ती खरंच गप्प बसली. तेवढ्यात मित्राचा नंबर आला.

"तूही चल ना आत," तो म्हणाला.

"चल. तू चौकोन काढत असताना मी चकार शब्द काढणार नाही."