व्हय म्हणजे वही

आमच्या पुतणीचं ऐका. रेणुका इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपलं बोलणं ऐकून लिहून काढणारा प्रोग्राम तिनं बनवला. तो चालला तरच सर तिला आपल्या संशोधनात घेणार होते. गिऱ्हाइकांच्या बोलण्यावर तो तपासायला सर थेट माझ्या स्टेशनरीच्या दुकानात आले.

सोयगावचे एक आजोबा पेन घेत होते. मी विचारलं, "निळाच देऊ का?"

"व्हय, व्हय!"

रेणुकाच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटलं, 'वही, वही.'

रेणुकाचा चेहरा पडला. "काका, गेलं सगळं!"

सर मात्र हसले. "पुस्तकी मराठीवर शिकवलंस ना त्याला? मग व्हय कुठून कळणार? सोमवारपासून ये. हेच तुझं संशोधन."

मी म्हटलं, "सर, दुरुस्ती जरा सावकाश होऊ द्या. आजोबांच्या पिशवीत मी दोन वह्या टाकल्यात."