रिपोर्टावर बसलेला बैल

— हसू नको तर काय करू, विक्रमभाऊ? सकाळपासून पोट दुखतंय हसून! बसा हो, रितेशसर सही करून आणतातच तुमच्या बरकतपुऱ्याच्या मातीचा रिपोर्ट — नवा. जुना फाडला! तुमचे बिल्डरसाहेब पाच मजले उठवणार ना तिथं, तीच माती. नक्को नक्को, घाबरू नका, ऐका तर. या लॅबमध्ये बावीस वर्षं मी माती उचलते, नळ्या धुते, झाडू मारते. शाळा चौथीपर्यंत. पण माती अंगठ्याला कळते, त्याला शाळा कशाला लागते? सोमवारी सरांनी तुमच्या जागेवरनं भरून आणलेल्या पहिल्या नळीतली माती काढली, मशीनवर दाबली — ताकद म्हणे फस्क्लास, साधा पाया चालतो. मी अंगठा रोवला तर नख वाकलं! म्हटलं, सर, तिथं पाच फुटांवर पाणी, आणि ही बिस्किटासारखी कशी? सुकलीय ही. तर म्हणतात, मालनबाई, तुम्ही झाडू मारा.

मारला की झाडू! आणि त्याच मातीत पाणी कालवून केला पोळ्याचा बैल — आमच्या नांदेडकडं पोरं करतात तसा, शिंगं, वशिंड, सगळं — आणि ठेवला सरांच्या टेबलावर, रिपोर्टावरच. काळी चिकणमाती, पोटभर पाणी प्यायलेली — वरनं वजन आलं की ते पाणीच झेलतं, आणि पाण्याला कुठं हाडं असतात? माती मातीला धरतच नाही, सरकते. चहा येईस्तोवर पुढचे पाय पसरले, मग मागचे — बसला की हो बैल फतकल मारून! सरांचं तोंड बघायचं होतं तुम्ही. मग दुसरी नळी काढली, मेणाचं बूच जसंच्या तसं. तिच्यात ती चार पात्यांची चकरी रोवून फिरवली, तर श्रीखंडात चमचा फिरावा तशी! ताकद पाव हिस्सा. आता खोल खांब उतरवल्याशिवाय तिथं घर नाही, सांगा तुमच्या साहेबांना.

मला एवढं काय पडलंय? वा! तुमच्या त्याच बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या लेकीनं, प्रणितानं, घर बुक केलंय ना — सातवा महिना चाललाय तिला — म्हणून तर शनिवारी मी हळूच त्या पहिल्या नळीचं मेण काढून अंगठा रोवला, बघू तरी म्हटलं लेक कशावर झोपणार, आणि बूच लावायचं राहूनच गेलं, वर रविवारभर पंखा चालू...

काय बघता असं? पंखा काय, सगळीकडंच असतो. — हौ, तीच नळी. मग? दुसरीचं मेण सरांनी स्वतः फोडलंय, त्या आकड्याला बोट लावून दाखवा. नोकरी जाईल म्हणता माझी? जाईल तर जाईल, घर बसायला नको. सरांना सांगणार? सांगा की, आलेच ते — सर, द्या तो रिपोर्ट यांच्या हातात. चहा नक्को म्हणतात, निघालेत भाऊ. — पाय उचला हो, फरशी पुसायचीय.