डबीतला घोडा

बाबा : कापायचं म्हणजे कापायचं. दात कापायचं चाक आहे ना तुझ्याकडे? फिरव की एकदा या डबीवरून.

डॉक्टर : बाबा, पेशंट खुर्चीत आहे. आत्ताच इंजेक्शन दिलंय, तोंडात कापूस आहे. तुम्ही जरा बाहेर बसा.

बाबा : बसलो की इथेच. नमस्कार बाई, तुमचं चालू द्या. लेक डॉक्टर झाली की बापालासुद्धा नंबर लावावा लागतो बघा.

डॉक्टर : बाई नाहीत ते. वकीलसाहेब आहेत.

बाबा : मग गळ्यात ही झालर कशाला बांधलीस त्यांच्या? माणूस फसणार नाही तर काय.

वकील : अं हं हं हं!

डॉक्टर : हसू नका साहेब, कापूस गिळाल.

बाबा : हसू दे गं. गप्प बसलेला वकील मी जन्मात पहिल्यांदा पाहतोय. साहेब, तुम्ही फक्त ऐका. तांब्याचं एक नाणं, वर घोडा. चाळीस वर्षं माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. मी सिनेमाच्या तिकीटखिडकीवर बसायचो. भोक एवढंसं. हात आत यायचा, तोंड काही दिसायचं नाही. असाच एक घामेजलेला हात आला, हे केव्हाच बाद झालेलं नाणं माझ्या गळ्यात मारलं आणि तिकीट घेऊन गेला अंधारात. पैसे कापले गेले माझ्या पगारातून. पण नाणं बघतो तर काय, घोडा असा देखणा! राग विरला, नाद लागला. आणि या माझ्या लेकीनं काय केलं? तुमच्या वाढदिवसाला गंमत आहे म्हणाली, खिशातून काढून नेलं आणि धाडलं त्या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे. परत आलं ते हे असं. कडक प्लॅस्टिकची डबी. ना झाकण, ना फट.

डॉक्टर : त्याला ग्रेडिंग म्हणतात. जाणकार माणसं नाणं तपासतात, खरं की खोटं ते सांगतात, सत्तरपैकी आकडा देतात आणि सीलबंद करून पाठवतात. तुमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबातले निम्मे लोक तशीच नाणी घेतात ना?

बाबा : त्या निम्म्यांना नाण्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणून घेतात. ती मंडळी नाणी कुठे जमवतात, डब्या जमवतात. परवा एकानं माझ्यासमोर रांग मांडली डब्यांची. मी विचारलं, या नाण्यावर काय आहे हो? तर म्हणतो, अडुसष्ट आहे.

वकील : आँऽ! आँऽऽ!

डॉक्टर : काय झालं? दुखतंय? थांबा, कापूस काढते.

वकील : हरकत! माझी हरकत आहे. मी डबीवाला आहे.

बाबा : घ्या. बोलायला लागले.

वकील : जीभ जड झालीय, पण बाजू मांडतो. काका, मी पहिलं चांदीचं नाणं घेतलं ते उघडं, डबीबिबी काही नाही. विकणारा माझाच अशील. फसवणुकीच्या खटल्यातून मीच सोडवला होता त्याला. नाणं शिशाचं निघालं.

बाबा : मग यात डबीचा काय संबंध? खटला हरला असतात तर वाचला असतात.

वकील : म्हणूनच म्हणतो, डबी हवी. डबी म्हणजे साक्ष. नाणं अस्सल आहे आणि या अवस्थेत आहे, हे तिसऱ्याच माणसानं लिहून दिलेलं.

बाबा : आणि त्या तिसऱ्याला कोण डबीत घालणार? साहेब, नाणं जन्माला येतं फिरायला. बाजारातून घरात, घरातून बाजारात. कुणाच्या कनवटीला निजतं, कुणाच्या मुठीत घामेजतं, एखाद्या पोरीच्या फ्रॉकच्या टोकाला गाठ होऊन बसतं. इतके हात फिरतात तेव्हा कुठे घोड्याची आयाळ अशी मऊ होते. माझं नाणं मी डोळे मिटून ओळखायचो. घोड्याच्या कानाशी अंगठा नेला की कळायचं, आपलंच आहे हे. आता अंगठा फिरवला की लागतं काय? प्लॅस्टिक. ही डबी म्हणजे साबणदाणीसुद्धा असू शकते.

वकील : कविता चांगली आहे. पण कोर्टात टिकणार नाही.

डॉक्टर : बाबा, डबी कापली की सगळं फुकट. मी कापणार नाही. तशीच राहू दे ना, कपाटात ठेवा.

बाबा : एवढी का जपतेस त्या डबीला? आकडा तरी धड दिलाय का त्यांनी? सत्तरपैकी पंचावन्न! माझ्या घोड्याचे पंधरा मार्क कापलेत.

वकील : पंचावन्न? चाळीस वर्षं खिशात घासूनही? परीक्षक भलताच उदार दिसतो.

बाबा : म्हणजे मी खोटं बोलतोय? घरी आल्या आल्या चष्मा लावून मी स्वतः वाचलं. ठळक अक्षरात लिहिलंय, पंचावन्न.

डॉक्टर : तुम्ही... स्वतः वाचलंत?

बाबा : मग काय शेजाऱ्याकडून वाचून घेणार? हे घ्या साहेब, बघा तुम्हीच.

डॉक्टर : साहेब, ते राहू द्या. तोंड उघडा, आधी दाढ काढून टाकू.

वकील : एक मिनिट, एक मिनिट. हं. डॉक्टर, हे मी मोठ्यानं वाचू, की तुम्ही दोघं आपसात मिटवताय?

बाबा : वाचा हो! घाबरता काय?

वकील : आकडा नाहीये इथे.

बाबा : म्हणजे?

वकील : म्हणजे पंचावन्न नाही, पाच नाही, काहीच नाही. 'अस्सल' लिहिलंय. त्याच्या खाली, 'घासून साफ केलेले'. घासलेल्या नाण्याला आकडा देत नाहीत काका. शेरा मारून परत पाठवतात.

बाबा : घासलेलं? कुणी घासलं माझं नाणं?

डॉक्टर : मी.

बाबा : तू?

डॉक्टर : काळपट दिसत होतं हो. इतक्या लांब परीक्षेला जायचं, तर जरा तोंड धुऊन पाठवावं म्हटलं. दातांना पॉलिश करते ना, तीच पेस्ट लावली, तोच ब्रश फिरवला. असं लखलखायला लागलं की मला वाटलं, पहिला नंबर येणार. नंतर कंपनीनं शेरा कळवला तेव्हा कळलं की नाण्याला तसं करायचंच नसतं.

वकील : अरेरे! तांब्याला? दातांची पेस्ट?

डॉक्टर : साहेब, तुमचं इंजेक्शन चढलं नाही का अजून?

बाबा : चाळीस वर्षांचा रंग गं तो. धुऊन टाकलास. म्हणूनच! मला वाटत होतं, डबीच चकाकतेय. आणि वर फोनवर मला खुशाल पंचावन्न सांगितलंस?

डॉक्टर : सांगितलं. डबी यायच्या आधीच तुम्ही विचारलंत, तोंडाला आला तो आकडा सांगितला. तुम्ही लेबल वाचाल आणि ओरडाल म्हणून दोन दिवस फोन उचलला नाही तुमचा. मग तुम्ही आलात आणि म्हणालात, मी स्वतः वाचलं. पंचावन्न.

वकील : दोन्ही पक्ष अडचणीत आहेत.

बाबा : साहेब, तुम्ही झालर सांभाळा.

डॉक्टर : बाबा, लेबल दिसलं नाही तुम्हाला.

बाबा : आधी कापणार का ती डबी? आता तर आकडाही नाही जायला.

वकील : यावर माझी हरकत नाही. शेऱ्याची डबी मीसुद्धा घरात ठेवणार नाही.

(चाकाचा किर्र आवाज, मग प्लॅस्टिक तडकल्याचा.)

बाबा : दे इकडे. अगं बाई, हे नाणं आहे की चमचा? कसं गुळगुळीत केलंस! हा घोडा. नाही, ही मागची बाजू. थांब. हं, इथे कुठेतरी कान. आहे. कान ठेवलायस, उपकार झाले.

डॉक्टर : ओळखलंत?

बाबा : ओळखीचं वाटतंय एवढंच. वर्षभर खिशात फिरवावं लागेल, मग येईल ताळ्यावर.

डॉक्टर : कधीपासून दिसत नाहीये?

बाबा : दिसतं की. सगळंच थोडं थोडं दिसतं. आधी वर्तमानपत्र गेलं, बरंच झालं. मग बसचे नंबर. मग शेजाऱ्यांची तोंडं, त्याचं काही दुःख नाही.

डॉक्टर : मग इथवर आलात कसे?

बाबा : वासावर. तुझ्या दवाखान्याचा लवंगेच्या तेलाचा वास कोपऱ्यापासून येतो.

डॉक्टर : आणि मला सांगितलं का नाहीत?

बाबा : सांगितलं की तू न्यायला येणार. मग तुझ्या घरी माझी खाट, जिन्यावर जाऊ नका, गॅसला हात लावू नका. आणि जावई माझ्याशी मोठ्यानं बोलणार, जसा काही मी बहिराच आहे.

डॉक्टर : तो कशाला मोठ्यानं बोलेल? तुमच्यासमोर त्याचा आवाजच फुटत नाही.

बाबा : तेवढा एक गुण आहे त्याच्यात.

डॉक्टर : उद्या डोळे तपासायला जायचं. मी येणार बरोबर. मोतीबिंदू असेल तर काढून टाकतील, काही नाही त्यात.

बाबा : आणि तो नसेल तर?

डॉक्टर : नसेल तर जे असेल ते सांगेन. जसंच्या तसं. आता मनानं काही सांगणार नाही.

बाबा : बरं.

वकील : मी जरा बाहेर बसतो. दाढ कुठे पळून जात नाहीये.

डॉक्टर : बसा साहेब, हाक मारते. बाबा, इकडे बघा. माझा चेहरा दिसतोय का आत्ता?

बाबा : कोट दिसतोय पांढरा. वर काहीतरी हलतंय.

डॉक्टर : आता?

बाबा : अजून जरा पुढे ये.