हवा असेपर्यंत

मिरजेच्या दवाखान्यातून बायको जयाबाई गेल्याची तार आली, त्या दिवशी रवळू निपाणीच्या मोटारस्टँडवर बसला होता. शेजारी एक मास्तर आणि त्याची थोरली बहीण हॉटेलातला रेडिओ ऐकत होती.

"गोपाळ, तार न्हाय, काय न्हाय, मुंबईत बोलल्यालं हितं कसं रं आलं?"

"लाटांवरनं, आक्का."

"वाऱ्यावरनं?"

"न्हाय. तुझ्या आवाजाला हवा लागते. ह्या लाटा उन्हासारख्या, पार रिकाम्यातनं बी येतात."

"मग वर, हवा सरल्यावर, माणसाची हाक?"

"न्हाय पोचत."

"तुझ्या दाजींना सांग. हाय तवर मला नावानं हाक मारा म्हणावं. जलमभर नुसतं 'अगं ए'!"

"लोक हसतील की, आक्का."

"हसू देत."

मोटार आली. रवळू उठला. जयाबाईला नावानं हाक मारायची राहिली होती.