कुसुमकाकूंपर्यंत पोचलेलं गाणं

अरे, मयूर विहारला आमच्या सोसायटीच्या गणपतीत आमचा बँड इंग्रजी रॉक गाणी वाजवत होता. दुसऱ्याच गाण्याला सेक्रेटरी सुहास स्टेजवर आला. "आवाज कमी कर यार, म्हातारी माणसं बसलीत." मी केला.

तेवढ्यात त्याची आई, कुसुमकाकू, स्पीकरजवळून ओरडल्या, "कमी का केलास रे?"

काकूंना कित्येक वर्षं अजिबात ऐकू येत नाही. मी हातानंच विचारलं, कसं कळलं? त्यांनी स्पीकरवर टेकवलेला तळवा दाखवला. "इतक्या वर्षांनी गाणं आलं होतं. आत्ता गेलं."

सुहासनं स्वतःच आवाज वाढवला, खाली उतरला आणि आईच्या हाताशेजारी आपला हात टेकवून गाणं संपेपर्यंत उभा राहिला.